मोठ्या संगीतदौऱ्यांचा खर्च आणि तिकिटांचे भाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तिकिटावर आकडा एकच छापलेला असतो, पण तो ठरवणारे हात बरेच असतात आणि त्यातले निम्मे आपल्याला कधी दिसत नाहीत. स्टेडियम किंवा बंदिस्त अरीना भरवणाऱ्या दौऱ्यांबद्दल लोक जे हटकून विचारतात, ते इथे घेतलं आहे. छोट्या कलाकारांचं गणित वेगळं असतं, त्यांच्याबद्दल शेवटाकडे एक प्रश्न आहे.

गाणारा एक, माईक एक. मग इतके ट्रक कशाला लागतात?

कारण अरीना म्हणजे छप्पर, जमीन, खुर्च्या आणि वीज. बाकी सगळं दौऱ्याने बरोबर आणायचं: स्टेज, ध्वनिवर्धक, दिवे, एलईडी पडदे, ते टांगायच्या साखळ्या आणि त्या ओढणाऱ्या विजेच्या मोटारी, आवाजाचे मिक्सर, केबलची भेंडोळी, वाद्यं, कपडे, कधीकधी आख्खं स्वयंपाकघर. अरीनाच्या दौऱ्याला साधारण १५ ते ३० ट्रक लागतात. स्टेडियमला तर छप्परही नसतं. दिवे टांगण्यासाठी आधी पोलादी सांगाडा उभारावा लागतो आणि ट्रकांची संख्या पन्नासच्या पुढे, कधी शंभराच्या घरात जाते.

हा सांगाडा उभारायला काही दिवस आणि उतरवायला आणखी काही दिवस लागतात. म्हणजे एकाच सांगाड्यावर दौरा काढला, तर आठवड्याला एखादाच कार्यक्रम होईल. म्हणून एकसारखे दोन-तीन सांगाडे बनवतात. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं म्हणतात. इथे बिऱ्हाडं तीन असतात. यू-टू या आयरिश बँडच्या २००९ ते २०११ मधल्या '३६०°' दौऱ्यात चार पायांच्या अजस्र खेकड्यासारखं दिसणारं स्टेज होतं, आणि त्याचे तीन संच होते. एकावर कार्यक्रम चालू, दुसरा आधीच्या शहरात उतरतोय, तिसरा पुढच्या शहरात चढतोय. ध्वनियंत्रणा, पडदे, वाद्यं हे महागडं सामान मात्र एकच. ते प्रत्येक शहरात नव्या सांगाड्यावर चढायचं.

ही युक्ती जुनी आहे. ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडने १९७४ मध्ये सुमारे ७५ टनांची ध्वनियंत्रणा फिरवली, तीही दोन स्टेजं आलटून पालटून वापरत. आवाज अप्रतिम होता म्हणतात. खर्च इतका झाला की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बँडने दौरे थांबवले.

सकाळी रिकामं असलेलं अरीना रात्री कार्यक्रमाला तयार कसं होतं?

मला विचाराल तर या धंद्यातली सगळ्यात बघण्यासारखी गोष्ट हीच, आणि तिचं तिकीट मात्र निघत नाही.

पहाटे पहिली माणसं येतात ती खडू आणि मोजपट्टी घेऊन. छताच्या कोणत्या तुळईवरून कोणती साखळी खाली यायची, याच्या खुणा ते जमिनीवर करतात. छताला किती वजन पेलेल याचा हिशेब काही महिने आधीच झालेला असतो. मग रिगर, म्हणजे सामान टांगणारे कारागीर, वर चढतात, साखळ्या ओढून घेतात, आणि सकाळी आठच्या सुमाराला ट्रक उघडायला लागतात. आधी मोटारी आणि ट्रस (दिवे टांगायच्या धातूच्या जाळीदार तुळया), मग दिवे, मग ध्वनी, मग पडदे. हे सगळं अधांतरी गेलं की खाली मोकळ्या झालेल्या जागेत स्टेज सरकत येतं. क्रम चुकला तर दिवस गेला, कारण टांगायच्या सामानाच्या जागी स्टेज येऊन बसलं की ते हलवता येत नाही.

पेट्यांवर रंगीत पट्ट्या असतात. कुठल्या रंगाची पेटी कुठे ढकलायची हे स्थानिक हमालाला भाषा न येताही कळावं म्हणून. दौऱ्याबरोबर शंभरेक माणसं फिरत असली, तरी प्रत्येक गावात आणखी तेवढीच किंवा जास्त रोजंदारीवर घेतात. दुपारी तीन-चारला साउंडचेक, संध्याकाळी दारं उघडतात.

शेवटचं गाणं संपलं की हेच चित्र उलटं, पण तिप्पट वेगाने. लोक बाहेर पडत असतानाच पेट्या बंद होतात आणि पहाटे दोन-तीनच्या आत शेवटचा ट्रक निघतो. ट्रकमध्ये सामान कसं रचायचं याचाही नकाशा असतो: उद्या जे आधी लागणार, ते आज सर्वांत शेवटी चढतं.

दोन कार्यक्रमांच्या मधल्या सुट्टीत खर्च थांबतो का?

नाही. ट्रक उभे असले तरी त्यांचं भाडं चालू, माणसं झोपलेली असली तरी हॉटेल, जेवण आणि रोजचा भत्ता चालू. यू-टूच्या त्या दौऱ्याचा खर्च, कार्यक्रम असो वा नसो, दिवसाला सुमारे साडेसात लाख डॉलर असल्याचं त्यांच्या व्यवस्थापकाने सांगितलं होतं. रिकामा दिवस हाच दौऱ्याचा खरा शत्रू.

मग दौऱ्याचा मार्ग नकाशावर वेडावाकडा का दिसतो?

कारण मार्ग नकाशा बघून ठरत नाही, मैदानांच्या मोकळ्या तारखा बघून ठरतो. स्टेडियम आणि अरीना मुळात खेळांच्या संघांची. सामने नसतील तेव्हाच मिळणार. शिवाय आयोजकांच्या करारात अट असते की अमुक अंतराच्या आत, अमुक महिन्यांत कलाकाराने दुसरा कार्यक्रम करायचा नाही. आणि ट्रकचालकालाही झोप लागते: युरोपीय संघाच्या नियमांनुसार दिवसाला ९ तास, आठवड्यातून दोनदा १० तास गाडी चालवता येते आणि साडेचार तासांनंतर ४५ मिनिटं थांबावं लागतं. अंतर त्यापेक्षा मोठं असेल तर दुसरा चालक ठेवायचा, नाहीतर सुट्टीचा दिवस घालायचा. दोन्हींत पैसे आहेत.

चालकांवर दौरा किती अवलंबून असतो हे टेलर स्विफ्टच्या 'एराज' दौऱ्याने दाखवलं. २०२३ मध्ये अमेरिकेतला टप्पा संपत आला तेव्हा ट्रकचालकांना प्रत्येकी १ लाख डॉलर बोनस मिळाल्याची बातमी आली होती.

देश ओलांडताना एवढ्या सामानावर जकात भरावी लागते का?

त्यासाठी 'एटीए कार्ने' नावाचा दस्तऐवज असतो. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातून आलेला. सामानाचा पासपोर्टच म्हणा. प्रत्येक पेटीतल्या प्रत्येक वस्तूचं वर्णन, वजन, किंमत त्यात लिहायची. सामान वर्षभरात परत घरी जाणार या हमीवर जकात माफ. पण विकायच्या वस्तू त्यात बसत नाहीत, म्हणून टी-शर्ट बरेचदा ज्या त्या खंडातच छापून घेतात.

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर २०२१ पासून एक नवीच डोकेदुखी झाली. ब्रिटिश नोंदणीचा ट्रक संघात मोजकेच थांबे घेऊन परत फिरला पाहिजे. वीस शहरांच्या दौऱ्याला हे कसं जमणार? मोठ्या वाहतूक कंपन्यांनी संघातल्या देशांत दुसरी नोंदणी करून वाट काढली. एका व्हॅनमधून फिरणाऱ्यांना ती वाट नव्हती.

खंड बदलताना पोलाद आणि अवजड माल महिनाभर आधी बोटीने जातो. वेळेशी बांधलेलं सामान विमानाने. ७४७ जातीचं मालवाहू विमान साधारण शंभर-एकशेदहा टन नेतं आणि त्याचं भाडं ऐकून भल्याभल्यांची स्टेजं आखूड होतात.

तिकिटाचे पैसे शेवटी कुणाच्या खिशात जातात?

मोठ्या कलाकाराची बिदागी दोन प्रकारांत ठरते: एक हमीची रक्कम, किंवा खर्च वजा जाता उरलेल्या पैशांचा हिस्सा. यातलं जे जास्त असेल ते कलाकाराचं. हिस्सा बहुधा ८५ किंवा ९० टक्के असतो. ऐकायला आयोजकावर अन्याय वाटतो, आणि एका परीने आहेच. ९०-१० ची ही वाटणी १९७० च्या दशकात लेड झेपेलिन या ब्रिटिश बँडचे व्यवस्थापक पीटर ग्रँट यांनी अक्षरशः दरडावून रूढ केली.

कल्पित आकड्यांनी पाहू. तिकीटविक्री १०० झाली. जागेचं भाडं, स्थानिक मजूर, सुरक्षा, जाहिरात, विमा मिळून ४० गेले. उरलेल्या ६० पैकी ८५ टक्के, म्हणजे ५१ कलाकाराचे आणि ९ आयोजकाचे. आता समजा हमी ४५ ची होती आणि विक्री ६० वरच अडली. खर्च जाऊन उरले २०, पण कलाकाराला ४५ द्यायचेच. आयोजक २५ ने खड्ड्यात. एका पडलेल्या कार्यक्रमाने जवळजवळ तीन भरलेल्या कार्यक्रमांची कमाई खाल्ली. हा हिशेब कार्यक्रमाच्या रात्रीच, स्टेजमागच्या एखाद्या खोलीत, पावत्या पुढ्यात ठेवून मिटवतात आणि तिथे टॉवेलांच्या बिलावरूनही वाद होतात.

कलाकाराचे ५१ सुद्धा हातात पडत नाहीत. ट्रक, बस, फिरता चमू, स्टेज बनवण्याचा आणि तालमींचा खर्च त्यातून. व्यवस्थापकाला १५ ते २० टक्के, कार्यक्रम ठरवून देणाऱ्या एजंटला १० च्या आसपास. शिवाय जिथे गाणार तिथला कर: अमेरिकेत परदेशी कलाकाराच्या कमाईतून ३० टक्के आधीच कापून ठेवतात, आणि खर्च दाखवून तो कमी करायला वेगळा अर्ज आधी करावा लागतो.

१९८९ मध्ये रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश बँडचा आख्खा दौरा मायकल कोल या एकाच आयोजकाने हमी देऊन विकत घेतला. त्याआधी प्रत्येक भागाचा आयोजक निराळा असे. एका शहरातला तोटा दुसऱ्या शहरात भरून काढायची ही पद्धत पुढे सगळ्यांनी उचलली, आणि इतकी जोखीम पेलणाऱ्या कंपन्या जगात मोजक्याच उरल्या.

सेवाशुल्क म्हणजे नेमकी कुठली सेवा?

रास्त प्रश्न. तिकीट विकणारी कंपनी ते आकारते, पण ते सगळं तिच्याकडे राहत नाही. त्यातला मोठा वाटा सभागृहाकडे, कधी आयोजकाकडे जातो. वरच्या उदाहरणातला ९ वर राहिलेला आयोजक आठवा: मूळ तिकिटाच्या रकमेवर कलाकाराचा हक्क आहे, शुल्कावर बहुधा नाही. म्हणून बाकीच्यांची कमाई शुल्कात, पार्किंगमध्ये आणि खाण्यापिण्यात सरकते. शिव्या खायला तिकीट कंपनी पुढे असतेच. तो तिच्या धंद्याचा भागच झाला आहे.

अमेरिकी सरकारच्या लेखा कार्यालयाने २०१८ मध्ये तपासलं तेव्हा पहिल्या विक्रीत शुल्क सरासरी २७ टक्के निघालं आणि पुनर्विक्रीत ३१ टक्के. २०२३ मध्ये द क्युअर या बँडने मुद्दाम २० डॉलरची तिकिटं ठेवली, तर काही चाहत्यांना शुल्कच तिकिटापेक्षा जास्त लागलं. गायक रॉबर्ट स्मिथ जाहीरपणे इतके चिडले की टिकेटमास्टर या तिकीट विकणाऱ्या कंपनीने काही तिकिटांमागे १० आणि काहींमागे ५ डॉलर परत केले. पर्ल जॅम या अमेरिकन बँडने १९९४ मध्येच, तिकीट १८ डॉलर आणि शुल्क १० टक्क्यांच्या वर नको असा आग्रह धरून अमेरिकेच्या न्याय खात्याकडे तक्रार नेली होती. पुढच्या वर्षी चौकशी बंद झाली. २०१० मध्ये टिकेटमास्टर आणि आयोजनातली बलाढ्य कंपनी लाइव्ह नेशन एक झाल्या. २०२४ च्या मे महिन्यात न्याय खात्याने मक्तेदारीचा आरोप ठेवून या जोडीवर खटला भरला.

एक सुधारणा मात्र झाली. १२ मे २०२५ पासून अमेरिकेत शुल्कासकट पूर्ण किंमत सुरुवातीलाच दाखवणं सक्तीचं आहे. किंमत कमी झाली नाही, शेवटच्या पानावरचा धक्का गेला.

रांगेत उभं असताना भाव कसा वाढतो?

मागणी बघून तिकिटाचा दर हलता ठेवतात, विमानाच्या तिकिटांसारखं. २०२२ मध्ये अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या काही तिकिटांचे भाव ५,००० डॉलरपर्यंत गेले. टिकेटमास्टरचं म्हणणं होतं की अशी हलत्या दराची तिकिटं सुमारे १२ टक्केच होती आणि सरासरी दर २६२ डॉलर. आकडा खरा असेलही, पण कामगारांची गाणी गाणाऱ्या कलाकाराच्या चाहत्याला सरासरी काय सांगायची!

ओॲसिस या ब्रिटिश बँडच्या पुनर्मीलनाच्या दौऱ्याची विक्री ३१ ऑगस्ट २०२४ ला झाली, तेव्हा तासन्‌तास रांगेत थांबलेल्यांना सुमारे दीडशे पौंडांचं उभ्याचं तिकीट ३५५ पौंडांना दिसलं. सगळ्यांनी खापर संगणकावर फोडलं. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने चौकशी केली तेव्हा दर क्षणोक्षणी बदलल्याचा पुरावा सापडला नाही. तिकिटं दोन दरांत ठेवली होती. स्वस्त आधी सोडली, ती संपल्यावर महाग. हे रांगेतल्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्या मते हे हलत्या दरापेक्षा वाईट, कारण दोन्ही भाव आधीपासून ठरलेले होते.

विक्री सुरू होताच दोन मिनिटांत सगळं संपतं. खरंच इतकी तिकिटं असतात का?

जाहीर विक्रीला येतात तीच कमी. न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्याच्या २०१६ च्या अहवालात आढळलं की सरासरी ५४ टक्के तिकिटं आधीच बाजूला जातात: १६ टक्के कलाकार, आयोजक, प्रायोजक वगैरेंसाठी आणि ३८ टक्के क्रेडिट कार्डधारक, फॅनक्लब यांच्या आगाऊ विक्रीसाठी. उरलेल्यांवर दलालांचे बॉट, म्हणजे आपोआप तिकिटं घेणारे संगणकी प्रोग्राम, तुटून पडतात. त्याच अहवालात एक नोंद आहे: न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या यू-टूच्या एका कार्यक्रमाची १,०१२ तिकिटं एका बॉटने एका मिनिटात उचलली. बॉटवर बंदी घालणारा कायदा अमेरिकेत २०१६ मध्ये आला. त्याखालची पहिली कारवाई व्हायला २०२१ उजाडलं.

आणि कधीकधी गर्दीच खरोखर तेवढी असते. 'एराज'च्या आगाऊ विक्रीला नोव्हेंबर २०२२ मध्ये ३५ लाख लोकांनी नाव नोंदवलं, यंत्रणेवर साडेतीनशे कोटी विनंत्या आदळल्या, एका दिवसात २० लाखांहून जास्त तिकिटं गेली, आणि जाहीर विक्री रद्दच करावी लागली.

मग कलाकाराने तिकीट स्वस्त ठेवलं की प्रश्न मिटला ना?

इथेच खरी गोम आहे. पन्नास हजार जागा आणि पाच लाख इच्छुक असतील, तर तिकिटावर ५० लिहा की ५००, साडेचार लाख लोक बाहेरच राहणार. स्वस्त लिहिलं आणि तिकीट हस्तांतर करायला मोकळं ठेवलं, तर मधला फरक चाहत्याला मिळत नाही, पहिल्यांदा हात मारणाऱ्या दलालाला मिळतो. न्यूयॉर्कच्या त्या अहवालात दलालांनी लावलेली सरासरी वाढ ४९ टक्के होती.

यातून वाटा तीन. एक, फरक कलाकारानेच घ्यायचा, म्हणजे हलता दर; लोक चिडतात. दोन, पुनर्विक्रीच बांधून टाकायची. आयर्लंडने २०२१ च्या कायद्याने मूळ किमतीपेक्षा जास्त भावाने पुनर्विक्री करण्यावर बंदी घातली आणि ब्रिटिश सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये तसाच कायदा आणण्याचं जाहीर केलं. तीन, जागाच वाढवायच्या. अमेरिकन गायक गार्थ ब्रूक्स एकाच शहरात मागणी संपेपर्यंत कार्यक्रम वाढवत नेत. दलालाकडे माल पडून राहिला की त्याची हौस फिटते. मला ही तिसरी वाट सर्वांत सभ्य वाटते. गायकाचा गळा मात्र तेवढा टिकला पाहिजे.

पूर्वी तिकिटं स्वस्त होती, ही नुसती म्हाताऱ्यांची तक्रार आहे का?

नाही, खरंच होती. १५ ऑगस्ट १९६५ ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सना ऐकायला सुमारे ५५,६०० लोक आले आणि गल्ला ३ लाख ४ हजार डॉलर झाला. माणशी साडेपाच डॉलर. महागाई धरून आजचे ५५ च्या आसपास. 'एराज'चे १४९ कार्यक्रम, १ कोटी १ लाख ६८ हजार प्रेक्षक आणि सुमारे २०८ कोटी डॉलर. भागाकार केला की माणशी २०४ डॉलर.

पण शे स्टेडियममध्ये पडदे नव्हते आणि किंकाळ्यांत गाणीही धड ऐकू आली नाहीत. शिवाय तेव्हा दौरा म्हणजे तबकडी खपवायची जाहिरात होती. आता ध्वनिमुद्रण ही दौऱ्याची जाहिरात झाली आहे, आणि घर चालतं ते तिकिटावर.

सामान फिरवण्यापेक्षा एकाच ठिकाणी मुक्काम का ठोकत नाहीत?

ठोकतात की. ब्रिटिश गायिका ॲडेलने ऑगस्ट २०२४ मध्ये म्युनिकला खास बांधलेल्या मैदानात १० कार्यक्रम केले. यू-टूने लास व्हेगसच्या 'स्फीअर' सभागृहात ४०. ट्रकांचा खर्च वाचतो. तो नाहीसा होत नाही, विमानाच्या आणि हॉटेलच्या बिलातून प्रेक्षकांकडे जातो.

कार्यक्रम रद्द झाला तर?

तिकिटाचे पैसे परत मिळतात, शुल्काचे मिळतीलच असं नाही, आणि प्रवासाचे कुणीच देत नाही. कलाकाराकडे रद्द होण्याचा विमा असतो, पण साथीचे रोग त्यातून आता बहुधा वगळलेले असतात. २०१० मध्ये यू-टूचा गायक बोनो याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली आणि बँडचा उत्तर अमेरिकेतला टप्पा थेट पुढच्या वर्षी गेला.

नुसता उशीरही महाग पडतो. ऑगस्ट २०२३ मध्ये वादळी हवेमुळे वॉशिंग्टनजवळचा अमेरिकन गायिका बियॉन्सेचा कार्यक्रम लांबला, तेव्हा मेट्रो तासभर जास्त चालू ठेवण्यासाठी दौऱ्याने १ लाख डॉलर मोजले.

इतका पैसा असताना नावाजलेले कलाकारसुद्धा "परवडत नाही" म्हणून दौरे का रद्द करतात?

कारण स्थिर खर्च प्रेक्षकसंख्येच्या प्रमाणात कमी होत नाही. बस एकच लागते, आत शिरणारे पाचशे असोत की पन्नास हजार. २०२२ मध्ये ब्रिटिश रॅपर लिटिल सिम्झने अमेरिकेचा आणि ॲनिमल कलेक्टिव्ह या अमेरिकन बँडने युरोपचा दौरा खर्चाचं कारण सांगून रद्द केला. स्टेडियमवाल्याला डिझेल महागलं तर तिकीट वाढवता येतं. पाचशे खुर्च्यांवाल्याने वाढवलं तर शंभर खुर्च्या रिकाम्या राहतात. त्यात सभागृह टी-शर्टच्या विक्रीतूनही हिस्सा मागतं, म्हणजे उरलासुरला नफाही गेला.

उलट टोकाला ब्रिटिश गायक एड शीरन. २०१७ ते २०१९ मध्ये बहुतेक वेळ एकटाच, गिटार आणि लूप पेडल (वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा ऐकवणारं यंत्र) घेऊन, त्याने अडीचशेहून जास्त कार्यक्रमांत सुमारे ७७ कोटी ६० लाख डॉलरचा गल्ला केला. यू-टूच्या त्या खेकड्याच्या ७३ कोटी ६० लाखांपेक्षा जास्त. बँडचे पगार शून्य.

सगळं संपलं म्हणतात आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी अचानक तिकिटं दिसतात. ती कुठून उगवतात?

स्टेज, मिक्सरची जागा, कॅमेरे, लोंबणारे ध्वनिवर्धक यांमुळे कुठून दिसणार नाही हे कागदावर नक्की सांगता येत नाही. म्हणून त्या बाजूच्या खुर्च्या आधी विकत नाहीत. सामान चढलं की कुणीतरी त्या खुर्च्यांवर जाऊन बसून बघतं आणि दिसत असेल तर त्या विक्रीला सोडतात. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या आणि न लागलेल्या जागाही याच वेळी सुटतात. मूळ किमतीत, अधिकृत संकेतस्थळावर, बरेचदा कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी. नजर ठेवायची ती तेव्हा.